काडीत नसलेली आग

परवा दुपारी गॅसचा लायटर नुसता टक टक करत बसला, ठिणगी काही पाडेना, म्हणून ड्रॉवरच्या तळातून काडेपेटी काढली. उघडून बघितलं तर आत अकरा काड्या, अगदी टुमटुमीत, सगळ्यांचे गुल शाबूत. म्हटलं झालं काम. पण पेटीच्या दोन्ही बाजू घासून घासून इतक्या गुळगुळीत झालेल्या की काडी ओढली की नुसती सर्रकन सटकते. ओट्यावर ओढली, भिंतीवर ओढली, चपलेच्या तळव्यावर पण ओढून झाली. गुल उडून गेला, आग काही नाही.

आणि लहानपण आठवलं. सिनेमात तो हिरो बुटावर काडी ओढायचा आणि ती भस्सकन पेटायची, आम्ही तेच जिन्यातल्या भिंतीवर करून बघायचो आणि पेटली नाही की दोष काडीला द्यायचो. आजी म्हणायची, "अरे, काडीला काय बोलतोस, पेटीची बाजू सादळलीय." मग ती पेटी उशीखाली ठेवायची आणि काडी केसांत घासायची. त्या केसांत घासण्याने नक्की काय होतं ते मला अजून कळलेलं नाही पण मी पण घासतो.

तर आजी बरोबर होती! फॉस्फरस काडीत नसतोच. आपण सगळा जन्म समजतो की आग त्या गुलात बसलीय, पण गुलात असतं पोटॅशियम क्लोरेट, गंधक वगैरे, आणि लाल फॉस्फरस काचेच्या पुडीबरोबर बाजूच्या त्या तपकिरी पट्टीवर. घासलं की त्यातला कणभर लाल फॉस्फरस पांढरा होतो आणि पांढरा हवेत आला की पेटतोच, त्याला निमित्त लागत नाही. एकच मूलद्रव्य, पण लाल म्हणजे पट्टीवर वर्षानुवर्षं गप्प पडून राहणारा, आणि पांढरा पाण्यात बुडवून ठेवावा लागतो इतका तापट. असे दोन भाऊ बऱ्याच घरांत असतात.

हा सापडला पण कसा, १६६९ साली हँबुर्गमधे हेनिग ब्रँट नावाच्या माणसाला सोनं करायचं होतं म्हणून त्याने ढीगभर लघवी साठवून, नासवून, आटवून बघितली. (घरच्यांचं काय झालं असेल!) सोनं नाही मिळालं, अंधारात आपोआप उजेड देणारा मेणासारखा गोळा मिळाला. त्या उजेडावरूनच नाव पडलं, ग्रीकमधे अर्थ प्रकाश आणणारा. मराठीत स्फुरद. शाळेत हा शब्द फक्त खताच्या धड्यात भेटला, नत्र स्फुरद पालाश असा एका दमात, म्हणून मला बरीच वर्षं तिघं एकाच घरातले वाटायचे.

पुढे काड्यांच्या गुलातच पांढरा फॉस्फरस घालायला लागले, कुठेही घासा, पेटणार. म्हणजे आमच्या हिरोची सोय. पण कारखान्यात त्या काड्या बुडवणाऱ्या बायका-पोरींच्या जबड्याची हाडं त्या वाफेने सडायला लागली, आधी दातदुखी, मग जबडाच काढायची वेळ. १८८८ साली लंडनच्या अशाच एका कारखान्यातल्या मुलींनी संप केला. लाल फॉस्फरस आणि बाजूला पट्टी ही युक्ती स्वीडनमधे १८४४ पासून माहीत होती, तरी पांढऱ्यावर बंदीचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९०६ उजाडलं. स्वस्त पडायचा ना तो. आणि गंमत बघा, गंमत तरी कशी म्हणायची, माणसाच्या अंगात सातशेएक ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातला बहुतेक हाडांत आणि दातांतच.

असो. गॅस राहिलाच होता. पेटीच्या एका कडेला, जिथे कोणाची काडी पोचली नव्हती असा नखाएवढा तुकडा खरबरीत सापडला, तिथे जपून ओढली आणि पेटली. मग मी सवयीने ती जळकी काडी पेटीत परत ठेवली. यावरून घरात माझी रोज खरडपट्टी निघते. आता पेटीत नऊ चांगल्या, एक बिनगुलाची आणि एक जळकी आहे, बाजू मात्र संपलीय.