सातपुड्यातील वैद्यकीय सेवाफेरी : मोलगी परिसरात जाणाऱ्या मंडळींसाठी

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) वैद्यकीय गट यंदा होळीच्या आधी नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या आसपासच्या पाड्यांवर सेवेसाठी जाऊन आला. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, तरुण संघातील मुले-मुली आणि औषधांचे टेबल सांभाळणारी मी, असा हा गट होता. परतल्यापासून इतर मंडळ्यांतील अनेकांनी अशी फेरी कशी आखावी, याची विचारणा केली. त्यांच्या उपयोगाचे जे आहे ते येथे लिहिते. सर्वात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते : शिबिराच्या दिवशी किती रुग्ण तपासले, यापेक्षा गाडी परत फिरल्यानंतर त्या रुग्णांकडे कोण पाहणार आहे, हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचे उत्तर हाती नसेल तर फेरी पुढे ढकलावी.

नंदुरबारपर्यंत रेल्वेने किंवा एसटीने सहज पोहोचता येते. सुरत–भुसावळ मार्गावरील हे महत्त्वाचे स्थानक आहे. तेथून तळोद्यामार्गे अक्कलकुवा आणि पुढे देवगोई घाट चढून मोलगी, असा रस्ता आहे. घाट दिवसाउजेडीच चढावा, अक्कलकुव्यातच डिझेल भरून घ्यावे आणि पैसेही तेथेच काढून ठेवावेत. मोलगीच्या पुढे मोबाइलला रेंज कधी मिळते, कधी नाही, त्यामुळे रुग्णनोंदणीसाठी मोबाइलवरील कोणत्याही सोयीवर विसंबू नये. पाडे डोंगरउतारावर विखुरलेले असतात. एका गावाचे दोन पाडे नकाशावर शेजारी दिसले तरी मध्ये दरी असू शकते आणि चालायला तास-दीड तास लागू शकतो. जेथे वाहन जात नाही तेथून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खांद्यावर आणतात, ज्याला या भागात ‘बांबुलन्स’ म्हणतात. म्हणून जागा ठरवताना आपल्या गाडीची सोय पाहू नये, तर सर्वात लांबच्या पाड्यावरील म्हातारे माणूस तेथवर चालत येऊ शकेल का, हे पाहावे.

तारीख ठरवण्याचे काम आम्ही गावातील आशाताईंवर सोपवले होते. दिवाळीनंतर या भागातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, पाड्यावर म्हातारी माणसे आणि काही मुलेच उरतात. पावसाळ्यात दरडी कोसळतात, नाले भरून वाहतात. होळी हा सातपुड्यातील सर्वात मोठा सण असल्याने त्यासाठी बाहेर गेलेली माणसे परततात. त्यामुळे होळीच्या ऐन धामधुमीत नव्हे, तर तिच्या थोडे आधी यावे, असे ताईंनी सुचवले. आठवडे बाजाराचा दिवसही टाळायला सांगितले. शहरातून आपल्या रजेप्रमाणे तारखा ठरवून जाणाऱ्या गटांना रिकाम्या अंगणात बसावे लागते, हे त्यांनी पूर्वी पाहिले होते.

परवानग्यांचे काम निदान दोन महिने आधी सुरू करावे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची प्रत्यक्ष भेट, ग्रामपंचायतीचे पत्र आणि अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे ग्रामसभेची संमती, हा क्रम आम्ही पाळला. प्रत्येक डॉक्टरच्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतील नोंदणीची आणि परिचारिका व औषधनिर्मात्यांच्या नोंदणीची प्रत सोबत ठेवावी. परदेशातील मंडळीचे डॉक्टर येणार असतील तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडून तात्पुरती नोंदणी मिळाल्याशिवाय त्यांनी रुग्ण तपासू नयेत, आणि त्यांचा व्हिसा या कामाला चालतो का, याची खात्री निघण्यापूर्वी भारतीय दूतावासाकडून करून घ्यावी. ओळखीच्या कुणी ‘कोण विचारतंय’ असे म्हटले तरी हा नियम मोडू नये, कारण त्याची किंमत आपण नव्हे, तर आपल्याला बोलावणारे गावकरी मोजतात.

आता श्रद्धेविषयी. आम्ही रोज पहाटे मुक्कामाच्या जागी, आश्रमशाळेच्या वर्गखोलीत, एकत्र प्रार्थना करत होतो आणि रात्री दिवसभरातील रुग्णांची आठवण करून पुन्हा प्रार्थना करत होतो. शिबिराच्या ठिकाणी मात्र प्रवचन नाही, पत्रके नाहीत, गाणी नाहीत, असे पाळकसाहेबांनी निघण्यापूर्वीच निक्षून सांगितले होते आणि ते मला मनापासून पटते. औषधासाठी रांगेत उभा असलेला माणूस ‘मला हे ऐकायचे नाही’ असे म्हणण्याच्या स्थितीत नसतो. त्याच्या गरजेचा असा उपयोग करणे त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय धर्मांतराची शंका एकदा गावात शिरली की त्रास आरोग्यसेविकेला होतो आणि पुढच्या वेळी आईबाप मुलांना लसीकरणालाही आणत नाहीत. कुणी विचारलेच तर आम्ही ख्रिस्ती मंडळीचे लोक आहोत, हे सरळ सांगावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. उपचाराच्या बदल्यात काहीही अपेक्षित नाही, एवढे मात्र गावाला स्पष्ट दिसले पाहिजे.

महाराष्ट्रात या सेवेची परंपरा मोठी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडचे वैशिष्ट्य म्हणजे गावातल्याच, बहुतेक अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले आणि बाळंतपण, अतिसार, कुपोषण यांची देखरेख त्यांच्या हाती सोपवली गेली. ही माणसे तेथे राहिली. चार दिवसांसाठी जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी म्हणूनच स्वतःचे काम जे तेथे राहतात त्यांच्या कामाला जोडून घ्यावे. आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. मनुष्यबळ कमी पडते, तरी यंत्रणा आहे, आणि तिला वगळून समांतर दवाखाना मांडणे चुकीचे आहे.

औषधांविषयी थोडे सविस्तर लिहिते. घराघरांतून उरलेल्या गोळ्या गोळा करून नेण्याची पद्धत पूर्ण बंद करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दानातील औषधांची मुदत पोहोचतेवेळी किमान एक वर्ष शिल्लक असायला हवी. आम्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून त्यांच्या केंद्रात कोणती औषधे असतात याची यादी मागवली आणि शक्यतो तीच, जेनेरिक नावाने, विकत घेतली. त्यामुळे रक्तदाबाची आमची गोळी संपल्यावर रुग्णाला उपकेंद्रात तीच गोळी मिळते. शहरातून आणलेली महागडी, निराळ्या रंगाची गोळी पंधरा दिवसांनी संपते आणि मग रुग्ण उपकेंद्राची गोळी ‘हलकी’ समजून नाकारतो.

औषधाच्या पाकिटांवर आम्ही उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र असे शिक्के मारले आणि प्रत्येक चिन्हाखाली जितक्या गोळ्या तितके ठिपके काढले. पाकीट देताना दुभाषी मुलीमार्फत रुग्णालाच उलट विचारायचे की ही गोळी कधी घ्याल. तीन वेळा विचारल्यावर बरोबर उत्तर आले तरी चालते, पण उत्तर आल्याशिवाय माणसाला उठू द्यायचे नाही. येथे पावरी आणि भिली बोलल्या जातात, आणि मान डोलावणे म्हणजे समजले असे धरू नये. दुभाषी गावातलीच असावी आणि बायकांच्या तपासणीसाठी बाईच असावी. तिला त्या दिवसाची मजुरी द्यावी, कारण तीही आपले काम सोडून आलेली असते.

खरूज हा तेथला नेहमीचा त्रास. पर्मेथ्रिनचे मलम एका मुलाला देऊन भागत नाही. घरातील सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायांपर्यंत लावायचे, सकाळी धुवायचे, कपडे-अंथरूण उन्हात टाकायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. त्यामुळे मलमाची संख्या रुग्णांवरून न ठरवता घरातल्या माणसांवरून ठरवावी. जुलाबाच्या मुलांसाठी ओआरएसबरोबर झिंकच्या १४ दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि जुलाब थांबल्यावरही त्या संपवायच्या, हे आईला बजावून सांगावे.

इंजेक्शनचा आग्रह सर्वत्र होतो. एक आजोबा आमच्या डॉक्टरांना म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, सुई लावा, गोळीने माझी कंबर उतरत नाही.’’ डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले, वजन कसे उचलता ते करून दाखवायला लावले आणि म्हणाले, ‘‘बाबा, सुईने आजचा दिवस जाईल, उद्या पुन्हा मोळी उचलायची आहे ना?’’ मग त्यांना व्यायाम शिकवण्यात बराच वेळ गेला आणि रांग खोळंबली. असा वेळ खर्च व्हायलाच हवा. गरज नसताना दिलेले एक इंजेक्शन किंवा सलाइनची बाटली, आरोग्यसेविकेने वर्षभर समजावून सांगितलेले पुसून टाकते.

या फेरीत सर्वात मोलाचे ठरले ते सिकलसेलचे काम. भिल्ल, पावरा आणि सातपुड्यातील इतर समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने त्याचे २०४७ पर्यंत निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्राथमिक चाचणी सोपी आहे : बोटातील रक्ताचा थेंब द्रावणात टाकून काही मिनिटांनी नळीमागे ओळी छापलेला कागद धरायचा. ओळी वाचता आल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या तर पुढील तपासणी आवश्यक. ही चाचणी वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण आजार पुढच्या पिढीला देऊ शकणारा) कोण आणि रुग्ण कोण, हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतील तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळांत द्रावणाची ही चाचणी विश्वासार्हही नसते. म्हणून नळी गढूळ दिसताच ‘तुमच्या मुलाला सिकलसेल आहे’ असे रांगेत जाहीर करू नये.

एका मावशीने आठ-नऊ वर्षांच्या भाच्याला पाठीवर आणले होते. सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळे होतात, शाळा सुटली होती. घरचे त्याला वाताचा त्रास समजत होते. त्याच्या नळीमागच्या ओळी दिसेनाशा झाल्या. तंत्रज्ञाने काहीही न बोलता नळी बाजूला ठेवली, डॉक्टरांनी मावशीला आडोशाला नेऊन दुभाषीच्या मदतीने भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, या तीन गोष्टी सांगितल्या आणि पक्क्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाची तारीख ठरवली. निदान पक्के झाल्यावर हायड्रॉक्सियुरियासारखे औषध सुरू करता येते, पण त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते. ते शिबिरात वाटायचे औषध नव्हे.

लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजण्याची पट्टी प्रत्येक स्वयंसेवकाकडे असावी. सहा महिने ते पाच वर्षे वयात घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर ते तीव्र कुपोषण आहे, आणि अशा मुलाला टॉनिकची बाटली देऊन परत पाठवणे हा गुन्हा मानावा. अंगणवाडीसेविकेला तेथेच बोलावून ग्राम बालविकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात त्याचे नाव जाईल, असे पाहावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यांचे थुंकीचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावेत. क्षयाच्या रुग्णांना पोषणासाठी सरकारकडून महिना १,००० रुपये मिळतात, हेही त्यांना सांगावे, कारण अनेकांना ते ठाऊक नसते. मजुरीसाठी पुन्हा परगावी जाणार असतील तर औषधोपचार त्या गावी वर्ग करून घेता येतो.

फोटोंविषयी एकच नियम ठेवावा : रुग्णांचे आणि मुलांचे चेहरे नाहीत. देणगीदारांना पाठवायला औषधांच्या टेबलाचे आणि रस्त्याचे फोटो पुरतात. वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात आणि इतर जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांनुसार रंगवार पिशव्यांत ठेवावा. तो कुठे द्यायचा, हे आरोग्य केंद्राशी आधीच ठरवावे, डोंगरात खड्डा करून पुरू नये.

खर्चाचे नियोजन करताना निम्मी रक्कम शिबिरानंतरच्या कामासाठी राखून ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत असली तरी आजीबाई नंदुरबारला जात नाहीत, कारण सोबत जाणाऱ्या मुलाची मजुरी बुडते, जेवणाचा खर्च येतो आणि शेळ्यांकडे कुणी पाहायचे, हा प्रश्न उरतो. प्रवास, सोबतीच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी एवढे दिले तर माणसे निघतात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण रेशनकार्ड आणि आधारकार्डावरील नावे जुळत नसल्याने अडचण येते. ही कागदपत्रे शिबिरातच तपासून ठेवणारा एक स्वयंसेवक नेमावा. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या सदस्यासाठी याहून उपयोगी काम नाही.

प्रत्येक रुग्णाची चिठ्ठी आम्ही कार्बन लावून तीन प्रतींत लिहिली : एक रुग्णाकडे, एक आशाताईंकडे, एक वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. पुढे पाठवलेल्या रुग्णांची वेगळी वही केली. परतल्यावर मंडळीतील दोघी दर शनिवारी आशाताईंना फोन करून त्या वहीतील एकेका नावाची चौकशी करतात आणि नावापुढे पोहोचले, नाही पोहोचले, का नाही, असे लिहितात. त्या परिसरात कोणाचा गट जाणार असेल तर त्यांनी आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, त्यांच्यामार्फत ही वही मागून घ्यावी आणि नवीन शिबिर मांडण्यापूर्वी त्यातील ‘नाही पोहोचले’ असा शेरा असलेल्या घरी आधी जावे.