हील्ड्सबर्गमधला रविवार

रविवार, रात्री उशिरा

सॅन फ्रान्सिस्कोपासून उत्तरेला साधारण ११० किलोमीटरवर, कॅलिफोर्नियाच्या सोनोमा काउंटीतलं हे अकराएक हजार वस्तीचं गाव. मधोमध चौकोनी बाग, भोवती वाइन चाखायची दुकानं आणि खानावळी. 'सिंगलथ्रेड' या खानावळीला तर तीन मिशेलिन स्टार आहेत. लोक जेवायला येतात. मी मात्र आधी द्राक्षबागा बघितल्या. द्राक्षांच्या तासगावची आहे मी.

झिन्फॅन्डेल या वाइनच्या द्राक्षाच्या जुन्या बागांना मांडव नाही, तारही नाही. कमरेइतकं उंच, जाड खोड, वर काड्या. मणी बारीक, आत बिया. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आमच्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. वेलीला विसावा नाही, बाग सांभाळणाऱ्या अण्णांनाही नाही.

सकाळी रशियन नदीच्या खोऱ्यात समुद्राकडून दाट धुकं आलं होतं. माझ्या पोटात गोळाच आला; धुकं म्हटलं की आम्हाला डावणी आठवते, ओलाव्यात पसरणारा वेलीचा रोग. पण इथे उन्हाळा कोरडा जातो, डावणीचं भय नाही. उलट या गारव्यामुळेच पिनो न्वार ही वाइनची द्राक्षं इथे चांगली पिकतात. भुरी, पानांवर-मण्यांवर पांढरी बुरशी धरणारा रोग, मात्र इथेही येते, आणि औषध तेच, गंधक.

दिवसभर मनात घोळत राहिली ती इथल्या सिमी वायनरीची इझाबेल सिमी. १९०४ साली वडील आणि काका पाठोपाठ गेले आणि अठराव्या वर्षी वायनरी तिच्यावर पडली. पुढे १९२० ची दारूबंदी. तिने बहुतेक बागा विकल्या, पण तळघरातली वाइन राखली. १९३३ साली बंदी उठली, आणि लवकरच तिने रेडवुडचं एक अजस्र पिंप बाहेर काढून त्यातच दुकान मांडलं. येणाऱ्याने चाखावं, तिच्या हातून विकत घ्यावं.

आमच्याकडे व्यापारी बांधावर येतो, आभाळ भरून आलं की दर पाडतो. उरलेल्या मालाचा बेदाणा होतो आणि तोही दुसऱ्याच्याच नावाने विकला जातो. गंमत म्हणजे द्राक्षांनी नाव व्हायच्या आधी हील्ड्सबर्गही वाळवून विकलेल्या आलुबुखारांसाठी ओळखलं जायचं.

अण्णांना सकाळी फोन करणार आहे. ऑक्टोबर छाटणीची घाई सुरू व्हायच्या आत शेडमधला चांगला बेदाणा निवडून बाजूला ठेवायला सांगते. थोडाच असू दे. तासगाव-विटा रस्त्याला टेबल मांडू, वर अण्णांचं नाव लिहू, आणि येणाऱ्याच्या हातावर आधी मूठभर ठेवू.