टाकी फुल्ल केली की येणारा पेट्रोलचा वास

गाडीत पेट्रोलचा वास आला की पहिला प्रश्न असतो, "कुठून येतोय?" माझ्या जुन्या पेट्रोल पिकअपच्या बाबतीत खरा उपयोग झाला तो "कधी येतोय?" या प्रश्नाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा बरीच जड असते. ती खाली उतरते, चॅसीच्या कडेने सरकते आणि वाऱ्याबरोबर भलतीकडे जाऊन साठते. त्यामुळे नाकाला वास जिथे जास्त जाणवतो, तिथेच गळती असेल असं मुळीच नाही. मला तो मागच्या उजव्या चाकापाशी यायचा आणि तिथे पेट्रोलचा एक पाइपसुद्धा नव्हता!

म्हणून मी वेळा टिपायला लागलो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना वास नाही. इंजिन तापल्यावर बॉनेट उघडलं तरी नाही. केबिनचा पंखा सुरू केला तरी वाढत नाही. पण टाकी काठोकाठ भरली की लगेच, आणि चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर तर हमखास. टाकी अर्ध्यावर आली की वास जवळजवळ गायब. एवढ्यावरून इंजिनकडची बाजू मी मनातून बाजूला काढली. इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाची, ओ-रिंग (गळती रोखणारी रबराची गोल रिंग) गळत असती तर इंजिनाजवळ वास आला असता आणि टाकी किती भरली आहे याचा त्याच्याशी संबंध नसता. तरी खात्री म्हणून इंजेक्टरच्या बुडाशी कोरडा पांढरा कागद फिरवून पाहिला आणि ऑइलची डिपस्टिक हुंगली. दोन्ही ठीक. टाकीच्या झाकणाचं रबर नवं होतं, झाकण घट्ट बसत होतं.

गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा एकही कोड नव्हता आणि इथे बरेच जण शोध थांबवतात. टाकीतली वाफ बाहेर न जाता कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठून पुढे इंजिनात जळावी अशी सोय गाडीत असते आणि तिची हवाबंदी गाडी स्वतःच तपासते. पण ही तपासणी टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असेल तेव्हाच होते. मी वास आला की स्कॅनर लावत होतो, म्हणजे नेमका टाकी भरलेली असताना. पेट्रोल अर्ध्यावर येऊ दिलं, काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवली आणि पी०४४२ उमटला : वाफेच्या यंत्रणेत छोटी गळती.

पुढची पायरी धूर. ही तपासणी यंत्र असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्यावी. अगदी कमी दाबाने यंत्रणेत धूर सोडतात आणि तो कुठून निघतो ते पाहतात. कॉम्प्रेसरची हवा टाकीत भरायचा विचारही करू नका. प्लॅस्टिकचे भाग फुटतात, आणि वाफ आणि हवा यांचं मिश्रण किती घातक असतं ते वेगळं सांगायला नको. हवेत फक्त दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली तरी एक ठिणगी पुरते. आमचा धूर केबिन आणि मागचा माल ठेवायचा हौदा यांच्या फटीतून वर आला. म्हणजे गळती टाकीच्या माथ्यावर, हौद्याच्या पत्र्याखाली.

टाकी खाली उतरवण्यापेक्षा हौदा उचलणं मला सोयीचं वाटलं. बोल्ट गंजलेले होते, म्हणून आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सुटायचं तेल मारून ठेवलं. टाकीत पेट्रोल अगदी थोडं राहील इतकी गाडी आधीच चालवली होती. टाकीतल्या पेट्रोल-पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू केलं आणि ते आपोआप बंद पडू दिलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. काम उघड्यावर, हाताशी पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक, उजेडाला सीलबंद एलईडी दिवा. टेललॅम्पचे कनेक्टर, अर्थिंगची वायर आणि पेट्रोल भरायच्या नळीचे स्क्रू आधी सोडले नाहीत तर हौदा उचलताना ते तुटतात.

हौदा उचलल्यावर टाकीच्या माथ्यावर सगळीकडे धुळीचा कोरडा थर दिसला. फक्त पंप ज्या गोल रिंगने दाबून बसवलेला असतो, तिच्या एका कडेला बोटभर लांबीचा काळपट, ओलसर डाग होता. चढावर पेट्रोल मागे सरकून नेमकं तिथेच येत होतं. रिंग सोडण्याआधी सगळी माती ब्रशने आणि ओल्या फडक्याने काढली. ती टाकीत पडली तर पंपाची जाळी तुंबते. रिंग फिरवायला पितळी ठोकणी वापरली, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडू शकते. आतली ओ-रिंग बाहेर आली ती गोल राहिलेलीच नव्हती. एका बाजूने चपटी झाली होती, आणि वाकवली की तिथे बारीक भेगा उघडत होत्या.

ओ-रिंग त्याच मॉडेलची, पेट्रोलला टिकणारी घेतली. शेजारची वाफेची आखूड नळीही कडक झालेली दिसली, तीही बदलली. इथे पाण्याची किंवा हवेची नळी चालत नाही, ती पेट्रोलने फुगते. नळीवर एसएई जे३०आर९ असा, पेट्रोलच्या नळीच्या मानकाचा, छाप पाहून घेतला. हौदा परत बसवण्याआधी बॅटरी जोडून चावी फिरवली, पंपाने दाब धरला की नाही ते पाहिलं आणि सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून तपासले. तो वेळ जरूर द्या, नाहीतर तेच बोल्ट पुन्हा सोडावे लागतात.

नंतर टाकी फुल्ल करून मुद्दाम चढाच्या रस्त्याने गेलो. वास नाही. पेट्रोल अर्ध्यावर आल्यावर गाडीची स्वतःची तपासणीही पूर्ण झाली आणि कोड परत आला नाही. एक सवय मात्र लावून घेतली आहे : पेट्रोल भरताना नोझल एकदा आपोआप बंद झालं की त्यावर एक थेंबही भरू द्यायचा नाही. वरचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरतं, आणि एकदा कोळसा भिजला की वाफ धरून ठेवायची त्याची ताकद जाते.