पद्मिनी आणि फोर बाय फोर, एकाच दिवशी

शनिवारी साताऱ्यात माझ्या गॅरेजला दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या. एक काकांची प्रीमियर पद्मिनी, १९८४ची, १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगला, आणि दुसरी एका पोराची नवी डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी (कंपनीचं नाव नको). सगळे म्हणतात जुनी गाडी सोपी, पाना न् पक्कड असली की झालं. असं बोलणाऱ्यांनी एक दिवस येऊन बसावं.

फोर बाय फोरला मीटरवर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम), ट्रॅक्शन (चाक घसरू न देणारी), हिल डिसेंट (उतारावर वेग आवरणारी) सगळे दिवे एकदम पेटलेले, दुसरीकडं कुणीतरी अख्खं एबीएस मॉड्यूल बदला म्हणून सांगितलेलं. स्कॅनर लावला तर पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा सिग्नलच नाही. चाक काढलं, आतल्या प्लास्टिकमागं उंदरानं वायर कुरतडलेली. सोल्डर मारला, स्लीव्ह घातली, विषय संपला. चिखलात एक चाक नुसतंच फिरायला लागलं की कॉम्प्युटर त्याला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाला देतो, पण फिरतंय कुठलं हे कळायला हाच सेन्सर लागतो. (आणि भावांनो, कोरड्या डांबरीवर फोर हाय (चारही चाकांना जोर देणारा गिअर) टाकून फिरू नका, पार्ट टाइम सिस्टीमला, म्हणजे लागेल तेव्हाच चारही चाकं जोडणारीला, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, वळताना पुढचं-मागचं एकमेकांना ओढतं. सांगून सांगून जीभ झिजली.)

पद्मिनीनं मात्र दुपार खाल्ली. गरम झाली की बंद, गार झाली की चालू. काका व्हेपर लॉक (गरमीनं पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) धरून फ्युएल पंपाला ओलं फडकं गुंडाळूनच आलेले. मला पटेना, कारण बंद पडल्यावरही कार्बोरेटरमध्ये पेट्रोल नीट येत होतं. मग कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) वायर काढून ब्लॉकजवळ धरली, ठिणगी पिवळट, मरतुकडी. गार असताना तीच निळी, कडक. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा) उघडला तर आतल्या पॉइंटच्या, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, एका तोंडाला खड्डा, दुसऱ्याला दाणा, म्हणजे पॉइंट जळू न देणारा कंडेन्सर गेलेला. हल्लीचे नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात, म्हणून जुन्या डिस्ट्रिब्युटरमधला जपून ठेवलेला टाकला, पॉइंट घासले, गॅप लावला आणि परत गरम होईस्तोवर गाडी चालू ठेवून कान लावून बसलो, कारण हिच्यात असला बिघाड सांगणारा दिवा नाही.

बिलाला खरी मजा. पोरानं आकडा ऐकून लगेच यूपीआय केलं. काका म्हणाले, "अरे एवढासा कंडेन्सर, तोही जुना, त्याचे इतके?" मोठ्या माणसाशी काय वाद घालायचा, कमी केले. पण स्कॅनर दिसला की लोक मुकाट पैसे देतात हे डोक्यातून जात नाहीये. पुढच्या महिन्यात काका ट्यूनिंगला येणारेत, तेव्हा लेबर आधीच सांगणार, बघू ऐकतात का.