मुंबई पहिल्यांदा बघायला निघताना आधी वार ठरवा

इंदूरच्या बहुतेक मराठी घरांतून मुंबईला कुणाचा ना कुणाचा मामा किंवा आत्या असते. पण लग्नकार्याला जाऊन येणं वेगळं आणि मित्रमंडळींनी मिळून मुंबई बघणं वेगळं. बेत ठरला की ग्रुपवर सगळ्यात आधी ठिकाणांची यादी फिरते: गेटवे, एलिफंटा, जुहू, सिद्धिविनायक, राणीची बाग. ही यादी जरा बाजूला ठेवा. मुंबईची सहल वारावर आणि दिशेवर ठरते, ठिकाणं त्यानंतर.

वाराचं गणित असं. एलिफंटाच्या लेण्या, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी, नेहरू तारांगण हे सगळं सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत अर्धा दिवस जाऊ शकतो. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवर दिवसाउजेडी गाड्या रद्द होतात किंवा उशिरा धावतात. तेव्हा बुधवारी इंदूरहून निघायचं, गुरुवार, शुक्रवार, शनिवार मुंबईत काढायचे आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने रविवारी सकाळी घरी, हा बेत सगळ्यात सरळ.

आपल्यासाठी अवंतिका एक्स्प्रेस सोयीची: रात्रीचा प्रवास, सकाळी मुंबई सेंट्रल. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. परतीची तारीख वेगळी, म्हणून तिचं आरक्षणही तीन दिवसांनी उघडतं. जायची तिकिटं काढून सगळे निवांत होतात आणि परतीची वेटिंगवर जातात, हे फार वेळा घडतं. दोन्ही तारखांचे गजर आजच लावून ठेवा.

एका पीएनआरवर सहाच जण बसतात. आठ जण असाल तर सहा आणि दोन असं तोडू नका, चार आणि चार करा. ई-तिकिटावरचे सगळेच वेटिंगवर राहिले तर चार्ट लागल्यावर ते तिकीट आपोआप रद्द होतं. निदान एकाची जागा पक्की असेल तर तिकीट टिकतं. दोघांचं वेगळं तिकीट नेमकं इथे मार खातं. तत्काळमध्ये तर एका तिकिटावर चारच जण चालतात, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतही चारच. पाच जण म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्स्या. मंडळी जमवतानाच चार किंवा आठ जमली तर खर्चाची गणितं फार सोपी होतात.

मुक्काम दक्षिणेत घ्या: ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, फोर्ट, फार तर दादर. अंधेरी किंवा वाशीला खोली स्वस्त दिसते, पण शहर उत्तर-दक्षिण लांबलचक पसरलेलं आहे. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर होतात. इंदुरात राजवाड्यावरून छप्पन दुकानला जायची सवय असलेल्या आपल्याला हे अंतर नकाशावर कळत नाही. सकाळी ८ ते ११ दक्षिणेकडे आणि संध्याकाळी ५ ते साडेआठ उत्तरेकडे लोकल खच्चून भरलेल्या असतात. उपनगरात राहिलात तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तुम्ही गर्दीच्याच बाजूने जाणार.

गाडी सकाळी लवकर पोचते आणि हॉटेलची खोली सहसा दुपारी मिळते. सकाळीच खोली मिळेल का आणि त्याचे जादा किती, हे बुकिंग करतानाच फोनवर विचारा. नाहीतर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवता येतं, मात्र बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. चेनला अडकवायची छोटी कुलपं घरूनच न्या. हॉटेलात प्रत्येकाचं मूळ ओळखपत्रही हवं, एकाचं दाखवून भागत नाही.

गुरुवार पायी फिरण्यासाठी. सीएसएमटी म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रेल्वे स्टेशनपासून सुरुवात करा आणि रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभे राहा. १८८० च्या दशकात उभी राहिलेली ही इमारत जवळून कळत नाही, समोरून कळते. घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे आणि फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: ब्रिटन आणि हिंदुस्थान. तिथून हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, काळा घोडा असं उतरत यायचं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. त्याला दोन-अडीच तास द्या, घाईत बघण्यासारखं ते नाही. मग गेटवे, आणि ऊन उतरल्यावर मरीन ड्राइव्ह. चालून थकलात तर भुयारी मेट्रो ३ आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही तिचीच स्टेशनं.

शुक्रवारी एलिफंटा. गेटवेहून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी पकडा. पोचायला साधारण तास लागतो. बोटीच्या तिकिटात परतीचाही प्रवास असतो, म्हणून ते जपून ठेवा. लेण्यांचं प्रवेश तिकीट वेगळं. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घालूनच बसा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर बोटीला मोठा अपघात झाला होता. धक्क्यापासून वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत, आणि माकडं हातातली बाटलीसुद्धा ओढून नेतात, तेव्हा खाणं पिशवीत बंद.

मोठ्या लेण्यात शिरलात की लगेच फोटो काढायला धावू नका. लेण्याचं तोंड उत्तरेला, आणि सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत खोल. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी फक्त काळोख दिसतो. चार-पाच मिनिटं थांबलात की सुमारे २० फुटांचे ते चेहरे हळूहळू उमटायला लागतात. मधला शांत. तुमच्या डावीकडचा अघोर, मिशा आणि कपाळाला आठी. उजवीकडचा वामदेव कोमल, हातात कमळ. एका दगडातून हे तीन भाव काढणाऱ्या हातांसाठी तेवढा वेळ थांबायलाच हवं.

शनिवारी सामान आवरून महालक्ष्मी, हाजी अली, सिद्धिविनायक, दादर. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून आदल्या रात्री भरतीची वेळ बघा. दादरला शिवसेना भवनाजवळच्या आस्वादमध्ये मिसळ आणि थालीपीठ खा. पोहे मिळतील, पण वर शेव-जिरावण नसेल. ज्याला त्याशिवाय चालत नाही त्याने पुडी सोबत ठेवावी. ६ डिसेंबरच्या आसपास मात्र ही सहल आखू नका. चैत्यभूमीला लाखो लोक येतात आणि दादर त्यांच्यासाठी मोकळं असलेलं बरं.

लोकलबद्दल ग्रुपमध्ये आधीच एक नियम करा. गाडी स्टेशनवर जेमतेम अर्धा मिनिट थांबते, त्यामुळे कुणीतरी मागे राहणारच. पुढे गेलेल्यांनी मधेच उतरायचं नाही. ठरलेल्या स्टेशनवर उतरून तिथेच इंडिकेटरखाली थांबायचं, आणि मागे राहिलेल्याने पुढची गाडी पकडून यायचं. दोघेही एकमेकांना शोधायला निघाले की तास जातो. चढण्याआधी डब्यावरचे तिरपे पट्टे बघा. फर्स्ट क्लासमध्ये सेकंडच्या तिकिटावर सापडलात तर दंड ठरलेला, आणि एसी लोकलचं तिकीटही वेगळं असतं. उतरायच्या आधीच्या स्टेशनला दाराकडे सरका आणि पुढच्याला "दादर उतरणार का?" असं विचारा. तो उतरणारा नसला तर बाजूला होतो. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला मिळत नाही, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

पैशांसाठी निघायच्या आधीच कॉन्ट्री काढा आणि एकाच्या हाती द्या. टॅक्सी, बोट, खाणं, तिकिटं त्यातून. खरेदी ज्याची त्याची. थोडी सुटी रोकडही ठेवा.

परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्याला "मुंबई सेंट्रल" असं पूर्ण सांगा. नुसतं "सेंट्रल" किंवा "मोठं स्टेशन" म्हणालात तर तो सीएसएमटीला नेऊ शकतो, आणि शनिवारी संध्याकाळी तिथून परत फिरून अवंतिका गाठणं कठीण. सामान क्लोकरूममध्ये असेल तर रांगेसाठी अर्धा तास वेगळा धरा.