चुका पेरला, आंबुशी उगवली

पेरावं तसं उगवतं, असं म्हणणाऱ्यानं बेळगावात परसबाग केलेली नसणार. आमच्या तांबड्या मातीत चुका पेरला की आधी आंबुशी उगवते. दोन्ही आंबट, दोन्हींच्या आंबटपणामागे तेच ऑक्झॅलिक आम्ल. पण एकासाठी वाफा करायचा, शेणखत घालायचं, आणि दुसरीला कंबर मोडेस्तोवर उपटत बसायचं.

चुका तसा नाजूक जीव. इथल्या जुलैच्या पावसात त्याचं काही चालत नाही. रसरशीत पानं चिखलात लोळतात आणि कुजून जातात. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की बी टाकावं. महिना-सव्वा महिन्यात पानं खुडायला येतात. बाहेरची खुडायची, मधला कोंब राखायचा. मग भाजीला पुन्हा पुन्हा पानं मिळत राहतात. ऊन चढलं की चुका तुऱ्यावर येतो, पानं बारीक होतात आणि गुलाबी कागदी पंखांची फळं धरतात. भाजी म्हणून तेव्हा त्यात राम नसतो, तरी मी दोन-चार झाडं ठेवतो. बी मिळतं, आणि खरं सांगायचं तर फुलझाडांपेक्षा तीच जास्त देखणी दिसतात.

हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, गुळाचा खडा, वरून लसणाची सढळ फोडणी आणि ज्वारीची गरम भाकरी. पितळेचं भांडं घेतलं तर कल्हई हवीच. मुतखडा होऊन गेलेल्यांनी मात्र हे ताट लांबूनच बघावं. शेजारच्या अक्का पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, पक्षातल्या. "चुक्याला काय ओ चव? पुंडी खाऊन बघा की!" यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाटीभर भाजी इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते.

आंबुशीचं गणित वेगळं. तीन बदामी पानं, इवलं पिवळं फूल; संध्याकाळ झाली की पानंही मिटतात आणि फूलही. इतकं सोज्वळ रोपटं काय नुकसान करणार, असं वाटतं. पण तिच्या शेंगा जवळून बघा. बोटाच्या पेरापेक्षा लहान, पाच धारांच्या, भेंडीसारख्या ताठ उभ्या. पिकलेल्या शेंगेला नख लागायचा अवकाश, तटतट आवाज होतो आणि तांबूस बिया मनगटावर, बाहीवर, शेजारच्या कुंडीत. उपटणाराच पेरणारा ठरतो! शिवाय देठ जमिनीला टेकेल तिथं पेरापेराला मूळ फुटतं. खुरप्यानं तोडून तुकडे तिथंच टाकले, तर ओल्या मातीत त्यांतलेही काही जगतात.

म्हणून शेंग धरायच्या आतच हात घालावा. आदल्या संध्याकाळी पाणी मारून माती मऊ करावी, बुंध्याशी धरून मुळासकट ओढावं, आणि मोकळ्या जागेवर वाळलेल्या पानांचा जाड थर द्यावा. नर्सरीतून नवी कुंडी आणली की आधी तिच्या कडा तपासाव्यात. निम्मी आंबुशी तिथूनच घरात शिरते. फवारे-बिवारे परसात नकोतच, तिथलंच आपण खातो.

एवढं करूनही ती संपत नाही. हद्दीचा प्रश्न आमच्याकडे १९५६ पासून भिजत पडलाय, त्यात हा आणखी एक. मी आपली तडजोड केली आहे. न्हाणीमागचा ओलसर कोपरा तिला सोडून दिलाय. बारकी निळसर फुलपाखरं तिथं येतात, कारण त्यांच्या अळ्या आंबुशीच खातात. अक्कांची नात शाळेतून आली की मूठभर पानं तोंडात टाकते आणि डोळे मिटून घेते. सणाच्या आदल्या दिवशी पितळेच्या समया घासायला तोच पाला कामी येतो. ओंजळभर कुस्करला की समई लख्ख. जास्तच झाली तर मुगाच्या डाळीत घालून भाजीही होते.

कोथिंबिरीच्या वाफ्यात मात्र दिसली की उपटलीच.