मधल्या मुलीवरची फुली

२६ मे, रात्री

सिडनीहून घरी येताना गाडीत मी ताईशी एक शब्दही बोलले नाही. प्रदर्शनात त्या हसऱ्या आजींसमोरून मी इतक्या घाईने का सरकले, हे तिने विचारले तेव्हा मला सांगता आले नाही.

दाराशी नेहमीची सूचना होती, की आत दिवंगत आदिवासी व्यक्तींच्या प्रतिमा असू शकतील. ऑस्ट्रेलियात बालपणी सरकारने घरातून उचलून नेलेल्या आणि आता म्हाताऱ्या झालेल्या आदिवासी माणसांचे चेहरे आत ओळीने लावले होते. जिथे डोळे पाणावलेले दिसले, तिथे मी रेंगाळले. फुलाफुलांचा झगा घातलेल्या त्या आजी मात्र मोकळेपणाने हसत होत्या, आणि दहा पावले पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आले, की मी चेहरे निवडत होते.

तेव्हापासून १९३४ सालचे ते कात्रण मनातून जात नाही. डार्विनमधल्या संस्थेत ठेवलेल्या अशाच चिमुकल्यांना घरे हवीत म्हणून वर्तमानपत्राने त्यांचे छायाचित्र छापले होते. त्यातल्या एकीवर फुली मारून कुणीतरी लिहिले, की मधली मुलगी आवडली, पण ती दुसऱ्या कुणी नेली असेल तर बाकीच्यांपैकी कोणतीही चालेल, फक्त ती सशक्त असावी. न्यू साउथ वेल्समधल्या किंचेला इथे उचलून नेलेल्या मुलग्यांसाठी जी संस्था होती, तिथे त्यांना नावाऐवजी आकड्याने हाक मारत. १९१० ते १९७० या काळात दहांतले एक आदिवासी मूल नेले की तिनांतले एक, एवढाच अंदाज या मुलांविषयीच्या १९९७च्या चौकशी अहवालाला करता आला, इतकी त्या मुलांची नोंद तोकडी होती.

आजींसमोरून निघाल्यावर मला आई आठवली, तिच्यापासून इतकी वर्षे दूर राहिल्याचे वाईट वाटले आणि रडूही आले. पण मी तिकीट काढून आले होते, आणि आई मला सोडायला विमानतळावर आली होती. ते रडू तिथे नको होते.

१३ फेब्रुवारी २००८ रोजी ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी या माणसांची संसदेत माफी मागितली, तेव्हाही मी दूरचित्रवाणीवर रडणारे चेहरेच शोधत होते. दुःख खरे असेल तर ते डोळ्यांत दिसलेच पाहिजे, अशी माझी समजूत कधीपासून झाली कोण जाणे. आजी छायाचित्रासाठी स्वतःहून बसल्या असतील, झगाही त्यांनीच निवडला असेल. आपण कसे दिसावे हे त्यांनी ठरवले, आणि मला ते पुरले नाही.

ताईला उद्या सकाळी एवढेच सांगेन. त्या झग्यावरची फुले कोणत्या रंगाची होती, हे मघापासून आठवून पाहते आहे, आठवत नाही.